अण्णांच्या दहाव्याला बिशप

"पक्षी काळा आहे का?" गुरुजींनी विचारलं.

"काळाच आहे," हेमंतदादा म्हणाला, आणि मग खात्री नसल्यासारखा माझ्याकडे वळला. "काळाच ना गं?"

"काळा," मी म्हणाले. "उन्हात जरा निळा चमकतो."

"कावळाही चमकतो. पुढे?"

"गळ्याशी दोन पांढरे गोंडे आहेत."

गुरुजी नाशिकला होते, आम्ही न्यूझीलंडला, आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला होता. त्यात गुरुजींचं नुसतं कपाळ दिसत होतं. त्या कपाळावर आठ्या आल्या आणि हळूहळू विरल्या.

"उपरणं समजू," गुरुजी म्हणाले.

पक्ष्याचं नाव बिशप आहे हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं. त्या गळ्यातल्या पांढऱ्या गोंड्यांमुळेच आमच्या दवाखान्यातल्या लोकांनी त्याला ते नाव दिलं होतं, आणि खांबेटे घराण्याचा पिंड बिशपच्या चोचीत जाणार ही बातमी नाशिकपर्यंत पोचायची काही गरज नव्हती. शेजारी गॅसपाशी उभ्या असलेल्या हेमंतदादाच्या आईला, प्रमिलाकाकूंना, नाव माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता फोडणीत मोहरी टाकली.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून नोकरी शोधायची सोडून मी सहा महिने तिकडच्या एका पक्ष्यांच्या दवाखान्यात फुकट काम करायला गेले होते. 'फुकट' हा शब्द आमच्या बाबांचा. इस्लामपुरात ते ओळखीच्यांना 'मुलगी परदेशात असते' एवढंच सांगत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलत. गाडीला धडकलेले, मांजराने धरलेले, खिडकीच्या काचेवर आपटलेले पक्षी आमच्याकडे यायचे. त्यांना बरं करायचं आणि पुन्हा रानात सोडायचं, हे आमचं काम. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला त्यांची विष्ठा खरवडणं जास्त यायचं, पण ते मी बाबांना कळवलं नव्हतं.

राहायला मी खांबेट्यांकडे होते. नेल्सनजवळच्या त्या लहान गावात मराठी घर तेवढं एकच. मुलगा हेमंत ऑकलंडला, आणि अण्णा आणि काकू इथे, समुद्राकडे तोंड केलेल्या एका लाकडी घरात. काकू पंचाहत्तरीच्या. त्याही आमच्या दवाखान्यात स्वयंसेवक होत्या, तीन वर्षांपासून. आठवड्यातून चार दिवस त्या तिथल्या स्वयंपाकघरात पक्ष्यांसाठी फळं चिरत. त्यांच्या हातचे नाशपातीचे तुकडे असे एकसारखे असत, की दवाखान्याची प्रमुख रेवा म्हणायची, पक्ष्यांना आता माझ्या हातचं आवडत नाही. ही रेवा आपल्याकडची नव्हे. ती तिथली माओरी बाई, सहा फूट उंच, आणि रेवा हे तिच्याच लोकांमधलं नाव.

काकूंना गाडी चालवता येत नसे. अण्णा त्यांना रोज दवाखान्यात सोडत आणि काम होईपर्यंत बाहेर गाडीतच शब्दकोडं सोडवत बसत. आत मात्र कधी आले नाहीत. "पगार नाही तिथे मी पाऊल टाकत नाही," असं म्हणायचे. मग एका दुपारी जेवून आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले आणि बसल्या बसल्या गेले. ब्याऐंशी वय, त्रास नाही, कुणाला उठायला लावलं नाही. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. काकू मात्र रडल्या नाहीत.

हेमंतदादा त्याच रात्रीच्या विमानाने आला. माणूस चांगला होता, हे आधीच सांगते, कारण पुढे तो जरा वाईट वाटेल. त्याने सगळं केलं, अगदी मायेने केलं आणि भराभर केलं. चौथ्या दिवशी त्याने आईला सांगितलं, की ऑकलंडच्या घरात तिच्यासाठी खोली तयार आहे, नवा पलंग आलाय, इमारतीला लिफ्ट आहे, देऊळ जवळ आहे. अकराव्या दिवशी घर विकणारा दलाल घर बघायला येणार आहे, हेही सांगितलं. विचारलं मात्र काहीच नाही.

राहता राहिला दहावा. त्या भागात कावळा औषधालाही नव्हता. गुरुजींनी आधी सोपा मार्ग सुचवला होता, की दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा, शास्त्रात सोय आहे. हेमंतदादा लगेच तयार झाला.

"गवताचा कावळा?" काकू म्हणाल्या. अण्णा गेल्यापासून त्या प्रथमच इतक्या मोठ्याने बोलल्या असतील. "जन्मभर त्यांना कशाची नक्कल चालली नाही. साधं डालडा चाललं नाही घरात. आणि आता गवताचा कावळा?"

"आई, मग इथे खरा कुठून आणू?"

"आमच्या दवाखान्यात आहे की काळा पक्षी."

असा बिशप खांबेट्यांच्या दहाव्यात आला. मला वाटलं, काय ही म्हातारीची श्रद्धा. माझे डोळेही जरा भरून आले होते. ते भरून येणं वाया गेलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी काकू कामावर आल्या. मी त्यांना म्हटलं, सुतक आहे, घरी बसा. तर म्हणाल्या, "सुतकात देवाला हात लावायचा नसतो. केळ्याला लावलेला चालतो." आणि सुरी घेऊन केळी चिरायला बसल्या. मी शेजारी भांडी विसळत होते.

"वृषाली," त्या हळूच म्हणाल्या, "बिशपच्या खिडकीचा पडदा तूच सोडतेस ना?"

इथे तो पडदा समजावून सांगायला हवा. बिशप टुई जातीचा. टुई म्हणजे कावळ्यापेक्षा बराच लहान, फुलांमधला मध पिणारा पक्षी. बिशपचा पंख मोडून वेडावाकडा जुळला होता, त्यामुळे त्याला रानात सोडता येणार नव्हतं. तो कायमचा आमच्याकडेच होता आणि शाळेची मुलं त्याला बघायला यायची. माणसांच्या घोळक्याचं त्याला काही वाटत नसे. पण दवाखान्याची रीत अशी, की पक्ष्याला अन्न देणारा माणूस दिसता कामा नये. नाहीतर तो माणसांना सोकावतो. म्हणून प्रत्येक पिंजऱ्याला मागच्या बाजूने एक छोटी खिडकी, तिच्यात फळी, आणि वर गुंडाळून दोरीने धरलेला हिरवा कापडी पडदा. ताटली फळीवर ठेवायची आणि दोरी सोडायची. पडदा पडला म्हणजे माणूस गेला, हे बिशप आजारपणातच शिकला होता. पडदा वर असेपर्यंत तो उपाशी मरेल पण ताटलीकडे फिरकणार नाही. पडला, की टुणटुण उड्या मारत हजर.

"मीच सोडते," मी म्हणाले. "का?"

"परवा लगेच सोडू नकोस."

माझ्या हातातली ताटली हातातच राहिली.

"आपल्याकडे कावळा शिवला नाही की काय करतात, माहितीये ना तुला?" काकूंनी केळ्याचं साल अगदी निगुतीने बाजूला ठेवलं. "घरचे एकेक करून कबूल करतात. गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते आठवून आठवून. तुमच्या मुलीचं लग्न करू, तुमचं कर्ज फेडू, भावाशी भांडणार नाही. जे बरोबर असेल ते बोललं की शिवतो."

"मग?"

"मग हेमंता कबूल करेल. एकेक. ज्या क्षणी तो म्हणेल, आई इथेच राहील, घर विकणार नाही, त्या क्षणी सोड दोरी. त्याआधी नाही."

"काकू!"

"ओरडू नकोस. पक्षी घाबरतात."

"अहो, पण हे... अण्णांच्या दहाव्याला? त्यांच्या पिंडावर?"

"अण्णांचा या कशावर कधी विश्वास नव्हता. मी मेल्यावर कावळ्यांची खुशामत करू नका, असं म्हणायचे. आता हेमंताला करायचीच आहे खुशामत, तर त्यातून माझं एक काम होऊ दे." त्यांनी सुरी खाली ठेवली. "मला नाही गं जायचं. तिथे मला नवा पलंग आहे आणि काम नाही. हेमंत आणि सून सकाळी जातात, दिवेलागणीला येतात. मी तिथे लिफ्टने खाली जाऊ आणि लिफ्टने वर येऊ?"

"त्याला सरळ सांगा ना."

"सांगितलं. तो म्हणतो, आई तू दुःखात आहेस, तुला आत्ता कळत नाहीये. दुःखात असलेल्या बाईचं कुणी ऐकत नाही. कावळ्याचं ऐकतात."

मी तयार झाले. शेवटी खूणही ठरली. हेमंतदादा हळू बोलला आणि मला खिडकीमागे ऐकू आलं नाही तर पंचाईत, म्हणून काकू डोक्यावरची कानटोपी काढणार. कानटोपी निघाली की पडदा सोडायचा.

रेवाची परवानगी काढायचं काम माझ्याकडे आलं. बाहेरचं अन्न पक्ष्याला द्यायचं नाही, हा नियम तिने प्रत्येक दारावर मोठ्या अक्षरात लावला होता, आणि मी भाताचा गोळा घेऊन येणार होते. मी बरीच प्रस्तावना केली. आमच्या धर्मात, आमच्या संस्कृतीत, हजारो वर्षांपासून, वगैरे. रेवा ऐकत होती आणि एका कबुतराच्या पायाला पट्टी गुंडाळत होती.

"म्हणजे तुम्ही मेलेल्या माणसाशी बोलणार," ती म्हणाली.

"हो. तसंच."

"समोर उभं राहून? मोठ्याने?"

"हो."

"मग एवढं काय सांगतेस? आमच्याकडेही तसंच बोलतात. भांडतातसुद्धा." तिने पट्टीची गाठ मारली. "भात त्याला मिळणार नाही. गोळ्याला वर खळगा करा आणि त्यात आपलं नेहमीचं साखरपाणी घाला. चोच लागली की तुमचं काम झालं ना?"

चोच लागली की झालंच. शिवण्याशी मतलब.

दहाव्याला सकाळी बोचरा वारा सुटला होता. हेमंतदादाने धोतर नेसलं होतं आणि त्यावर ऑकलंडहून आणलेलं फुगीर नारिंगी जाकीट घातलं होतं. कंबरेपासून वर बर्फात जायला निघाल्यासारखा आणि खाली गंगेवर. काकू पांढऱ्या साडीवर स्वेटर आणि हिरवी कानटोपी घालून आल्या. रेवाने दोघांना आत नेलं, पिंजरा दाखवला, कुठे उभं राहायचं ते सांगितलं आणि आदराने लांब जाऊन हात बांधून उभी राहिली. मी मागच्या बाजूने खिडकीशी गेले. काकूंनी पहाटे उठून केलेला पिंड मी फळीवर ठेवला. वर अंगठ्याने केलेला खळगा होता, उकडीच्या मोदकाला करतात तसा. त्यात साखरपाणी ओतलं, काळे तीळ त्यावर तरंगले. डाव्या हातात दोरी धरली.

बिशप समोरच्या फांदीवर बसला होता. त्याने पिंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पंख साफ करायला लागला.

गुरुजी हेमंतदादाच्या हातातल्या फोनमध्ये होते. आमच्याकडे ऊन वर आलं होतं, त्यांच्याकडे अजून उजाडायचं होतं. मंत्र झाले, पाणी सोडून झालं.

"आता नमस्कार करा आणि वाट बघा," गुरुजी म्हणाले.

वाट बघितली. बिशपने दुसरा पंख साफ करायला घेतला.

"अण्णा," हेमंतदादाने हात जोडले, "आईची काळजी करू नका. मी तिला सांभाळीन."

मी दोरी घट्ट धरली. बिशप जागचा हलला नाही.

"दरवर्षी तुमचं सगळं करीन. एकही वर्ष चुकवणार नाही."

काही नाही.

"तुमची गाडी विकणार नाही. पुस्तकं विकणार नाही. अण्णा, मी ती... ती संध्याकाळची घेतो ना, तीही कमी करीन."

"कुठली संध्याकाळची?" काकूंनी विचारलं.

"आई, नंतर."

एवढ्यात बिशप खोकला. टुई खोकतातच, ठसका लागल्यासारखा आवाज काढायची त्यांना सवय असते. पण हेमंतदादाला ते ठाऊक नव्हतं. तो इतका दचकला की फोन हातातून सुटता सुटता राहिला आणि नाशिकचे गुरुजी गरकन उलटे झाले.

"कोण खोकलं?" गुरुजींनी विचारलं.

"पक्षी," काकू म्हणाल्या. "अगदी त्यांच्यासारखा खोकतो हो."

साफ खोटं. अण्णा कधी खोकल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी खिडकीमागे ओठ दाबून धरले आणि माझ्या मनात आलं, की या बाईने नाटकात जायला हवं होतं.

"यजमान," गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलेली दिसते. नीट आठवा. वहिनींना विचारा."

"त्यांचा जीव घरात होता हो गुरुजी," काकूंनी डोळ्याला पदर लावला. "या इथल्या घरात."

हेमंतदादा विचारात पडला. मी दोरी सैल करायच्या तयारीत आले.

"अण्णा," तो म्हणाला, "घर अगदी चांगल्या माणसालाच विकीन."

काकूंनी पदराआडून माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो मला आजही आठवतो.

गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी घसा खाकरला आणि दर्भाची आठवण करून दिली. वारा वाढला होता. माझा हात भरून आला होता. हेमंतदादाने आणखी दोन-तीन गोष्टी कबूल केल्या. मुलांना मराठी शिकवीन, काकांशी बोलेन, सोमवार करीन. एकही कामाची नव्हती. मग जोडलेले हात त्याने खाली सोडले.

"अण्णा, तुम्हीच सांगा मी काय करू," तो म्हणाला. आवाज आता मंत्रातला नव्हता, साधा घरातला होता. "तुम्ही गेलात तेव्हा फोन आला आणि मी विमानतळावर बसून होतो. विमान मिळेपर्यंत नुसता बसून होतो. आई इथे एकटी तुमच्याजवळ बसलेली आणि मी तिकडे काचेतून विमानं बघतोय. पुन्हा तसं बसायचं नाहीये मला. ती बाथरूममध्ये पडली तर? फोनपर्यंत पोचली नाही तर? मला झोप लागत नाही हो अण्णा."

त्याला रडू फुटलं. धोतर, नारिंगी जाकीट आणि रडणारा मोठा माणूस. मला हसू येणं शक्यच नव्हतं. माझ्या मनातला सगळा खेळ उतरला. मघापासून मी त्याला विरुद्ध बाजूचा समजत होते.

काकूंचाही उतरला असणार. त्यांनी पदर खाली केला, मुलाकडे बघितलं, पिंजऱ्याकडे बघितलं.

"अहो," त्या अण्णांना म्हणाल्या, "मी जाते याच्याबरोबर. ऑकलंडला जाते. मला आवडेल तिथे. तुम्ही आता सुखाने खा."

आणि त्यांनी कानटोपी काढली.

माझ्या हातात दोरी होती. सोडायचीच बाकी होती. ज्यांचा बेत होता त्याच सांगत होत्या की बेत रद्द, संपव. आणि मला काय झालं कोण जाणे, मी दोरी सोडली नाही. 'मला आवडेल तिथे' हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्याच आवाजात आमची आई शेवटची पोळी दुसऱ्याच्या ताटात वाढून 'मला भूकच नाहीये' म्हणते. मला तो आवाज चांगला ठाऊक होता. घरात कुणी कधी त्या आवाजाला उलट बोललं नव्हतं, मीही नाही, आणि त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला.

काकूंनी कानटोपी पुन्हा घातली आणि पुन्हा काढली.

मी दोरी धरून उभी.

तिसऱ्यांदा त्यांनी ती काढून चक्क हलवली. पांढरे केस वाऱ्यावर उडायला लागले.

"वहिनी, टोपी घाला," फोनमधून गुरुजी म्हणाले. "वाऱ्याने बाधेल."

बिशपने मान वाकडी करून सगळ्यांकडे पाहिलं आणि तो फांदीवर आणखी एक पाऊल लांब सरकला.

हेमंतदादाने डोळे पुसले. तो आधी पक्ष्याकडे बघत होता. मग त्याने खिडकीकडे पाहिलं. मग वळला आणि आईकडे बघत राहिला. काकू त्याची नजर टाळून टोपीची लोकर चिवडत होत्या.

"अण्णा," तो आईकडेच बघत म्हणाला, "आईला यायचं नाहीये. ती इथेच राहील. घर विकत नाही. तिच्या जाण्यायेण्याचं मी बघतो. मला झोप नाही लागली तर नाही लागली."

मी दोरी सोडली. हाताला इतकी रग लागली होती, की सोडली म्हणण्यापेक्षा सुटलीच. पडदा धपकन खाली आला, आणि पलीकडे काय झालं ते मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. टुणटुण उड्या. चोचीची टकटक. मग साखरपाणी पितानाचा बारीक आवाज.

"शिवला!" हेमंतदादा ओरडला.

"शिवला? शिवला ना? नमस्कार करा," गुरुजींचा आवाज आला, आणि ते जे घाईघाईने मंत्र म्हणायला लागले, ते थांबेनातच.

मी पुढे आले तेव्हा काकू जाळीला धरून रडत होत्या. अण्णा गेल्यापासूनचं साठलेलं सगळं रडून घेत होत्या. बिशपच्या चोचीला भाताची दोन शितं चिकटली होती. रेवा लांबून आली आणि काही न विचारता काकूंच्या खांद्याभोवती हात टाकून उभी राहिली. नंतर तिनेच हेमंतदादाला सांगितलं, की ती रोज याच रस्त्याने येते, काकूंना घेऊन येईल आणि सोडेल. नाशपाती तशी कुणालाच चिरता येत नाही.

दलालाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. तेरावा झाला आणि हेमंतदादा परत निघाला. मी त्याला अण्णांच्या गाडीतून विमानतळावर सोडायला गेले. काकूही होत्या, पण वारा नको म्हणून त्या गाडीतच बसल्या. त्यांना खरोखरच सर्दी झाली होती.

विमानतळाच्या दाराशी त्याने बॅग खाली ठेवली.

"हात कसा आहे?" त्याने विचारलं.

"कुठला हात?"

"दोरीचा."

मी हात पाठीमागे नेला.

"आई पुढे चालत होती, तेव्हा रेवाने आत नेतानाच मला सांगितलं होतं सगळं," तो म्हणाला. "ती येईल त्या प्रत्येकाला सांगते. पडदा पडल्याशिवाय हा खात नाही, पडदा त्या मुलीच्या हातात आहे. मी म्हटलं, अच्छा. आईने पढवलंय हिला. मग मीही हट्टाला पेटलो. ते एक वाक्य सोडून वाटेल ते कबूल करत होतो. बघू किती वेळ दोरी धरते."

"सोमवार करणार होतात तुम्ही," मी म्हणाले.

"तेवढं अंगाशी आलंय." तो हसला, आणि मग त्याचं हसू गेलं. "पण मग आई येते म्हणाली. टोपी काढली. तीनदा. ती खूण होती हे मला कळलं, मी काही एवढा बावळट नाही. आणि तरी पडदा पडेना. म्हणजे हे तर आईनेही सांगितलेलं नव्हतं. मग मला वळून तिच्याकडे बघावं लागलं. आल्यापासून मी तिच्यासाठी धावत होतो, पण तिच्याकडे बघितलंच नव्हतं गं."

मी गाडीत बसलेल्या काकूंकडे पाहिलं.

"तिला सांगू नकोस," त्याने बॅग उचलली. "तिला वाटू दे, मी फसलो. एवढी खूश मी तिला कधी बघितली नाहीये."

तो आत गेला. मी गाडीत येऊन बसले आणि गाडी सुरू केली. काकूंनी रुमालात नाक शिंकरलं.

"हेमंता भोळा आहे गं," त्या मग म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच. त्याला यातलं कधी कळू देऊ नकोस हं. वाईट वाटेल त्याला."

"नाही कळू देणार," मी म्हणाले.

समुद्र डाव्या हाताला चालत होता. काकूंनी रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली.

"पण मी टोपी काढली होती ना? तू बघितलंस."

"बघितलं."

"तीनदा काढली. ही सर्दी त्याचीच आहे. मग का नाही सोडलास पडदा?"

"तुम्ही खोटं बोलत होतात, काकू."

मला वाटलं त्या रागावतील. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पुन्हा रुमाल डोळ्याला लावला.

"उभ्या जन्मात त्यांच्यापुढे माझं एकही खोटं पचलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता तरी पचेल."